पिठीसाखर आणि रिकामं पोट

"काही खाल्लंय का?" तिने सवयीने विचारलं.

"छे, पाण्याशिवाय काही नाही," समोरचा तरुण म्हणाला. अन् त्याच्या मिशीवर चक्क पिठीसाखर.

लॅबमध्ये रक्त घ्यायला बसलेल्या तिला हसू आवरेना. तिने मोबाइलचा कॅमेरा उघडून त्याच्यापुढे धरला, तसा तो ओशाळला. बेकरी त्याचीच. भल्या पहाटे क्रीम चाखणं इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यालाही खाणं म्हणतात हे स्वारीच्या लक्षातच नाही. शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं ते मोजायचं, तर पोट रात्रीपासून रिकामं हवं. "उद्या या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच.

"केकचा एक कण तर होता..."

"कण काय नि मण काय. आता माझी बोलणी खा."

"तीही गोडच आहेत," तो हळूच म्हणाला... आणि लाजायची पाळी तिच्यावर आली. रात्री जेवता जेवता ती एकटीच हसली, तर आई म्हणाली, "काय गं, लॅबमध्ये हल्ली विनोद तपासतात वाटतं?"

तिसऱ्या खेपेला मिशी स्वच्छ होती. पठ्ठ्या खरंच उपाशी आला होता, आणि तिचाच जीव खट्टू झाला. एकदा रक्त घेतलं, की याला इथे यायचं कारणच उरणार नव्हतं. पण काम ते काम. तिने दंडाला पट्टा बांधला. हात गार पडला होता त्याचा.

"सुईची भीती वाटते?"

"रिपोर्टची. इन्सुलिन बनतच नसेल, तर जन्मभर टोचून घ्यायचं. बाबांचं तसंच झालं." तो अडखळला. "रिपोर्ट चांगला आला, तर तुम्हाला एक विचारायचं होतं..."

"आणि वाईट आला तर?"

"मग नाही विचारणार. उगाच कुणाच्या गळ्यात पडायचं?"

तिला असा राग आला! तिने रक्त घेतलं, सुई काढली, कापूस ठेवला.

"दिवसभर लोकांना सुयाच टोचते मी," ती म्हणाली. "घरच्या एकाला टोचायला मला काय जड जाणार आहे?"

तो बघतच राहिला. "म्हणजे... आत्ताच विचारू?"

"आधी कापूस दाबून धरा. आणि मग विचारा."

त्याने विचारलं. रांगेतले एक आजोबा दारातून डोकावून "अहो, आम्हीपण उपाशीच आहोत" म्हणाले, तोवर ती हो म्हणून मोकळीही झाली होती.