हॅवरिल यांच्या खांद्यामागचा चेहरा

लंडनमध्ये त्या काळी थोर शास्त्रज्ञाची एकच खूण होती: साप्ताहिकात त्याचं अर्कचित्र छापून यायचं. नाक फुगवलेलं, पाय काड्यांसारखे. असा अपमान व्हावा म्हणून विद्वान मंडळी वर्षानुवर्षं झुरत.

प्रोफेसर हॅवरिल यांचा तो अखेर झाला होता, आणि ते पिनकच्या बैठकीत थरथरत बसले होते. पिनक खासगी गुप्तहेर होता. त्याचा मित्र कॅप्टन डॉब्स टोस्टला लोणी लावत होता.

"अंक उद्या निघेल. रिवाजाप्रमाणे पहिली प्रत मला आली," हॅवरिल म्हणाले. "चित्रात माझ्या खांद्यामागे बघा."

डॉब्सने बघितलं आणि टोस्ट खाली ठेवला. धुक्यात उभा असावा तसा एक फिकट माणूस. उजव्या डोळ्यावर एकभिंगी चष्म्याची काच, ओठांवर हसू, हातात बाकदार मानेचा दिवा.

"सायलस ट्रेल. माझा सहकारी, गेल्या वर्षी वारला. आणि तो दिवा माझा आहे, खाणकामगारांसाठी केलेला. त्याची कल्पनाच मला ट्रेल गेल्यावर सुचली. मग त्याच्या हातात तो आला कसा? शनिवारी याच दिव्यासाठी मला पदक मिळायचंय. हे भूत नाही, एवढं सिद्ध करा."

"माझं मत भुतालाच," जिना उतरताना डॉब्स पुटपुटला.

"तुझं मत नेहमी बहुमताला असतं," पिनक म्हणाला.

साप्ताहिकाचा चित्रकार फेन भलताच दुखावला. "भुतं मी काढत नाही, साहेब. जिवंत माणूस चोरून बघायचा आणि दिसेल ते काढायचं. ट्रेलकडे तर मी गॅसवाला बनून गेलो होतो. नाक तेवढं मी वाढवतो, बाकी पदरचं काही नाही."

"ट्रेलचं ते चित्र का छापलं नाही?"

"अंक निघायच्या आत गडी मेला. आम्ही मेलेल्यांची टिंगल करत नाही. ज्या दगडावरून चित्र छापायचं, तो दगड संपादकांनी घासून टाकायला सांगितला."

शिळाछापखान्यात कारागीर मॅगॉ रुळाला शाई फासत होता. "ट्रेलचा दगड? घासला की तेव्हाच," तो म्हणाला, पण मान वर केली नाही. नव्या अंकाच्या बाकीच्या प्रती पिनकने चाळल्या. सगळ्या स्वच्छ होत्या, हॅवरिल यांच्या मागे कोणी नव्हतं.

ट्रेलबाईंच्या दिवाणखान्यात पडदे ओढलेले होते. भिंतीवर नवऱ्याचं तेच अर्कचित्र: तेच हसू, तोच दिवा, डाव्या डोळ्यावर काच. त्या अंधारात ते हसू डॉब्सला आपल्याच रोखाने वाटलं. त्याने कडेला बोट लावलं.

"हात नका लावू, कॅप्टन," बाई म्हणाल्या. "यांना फार हौस होती हो, आपली टिंगल व्हावी अशी."

डॉब्सचं बोट काळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी हॅवरिल यांच्या अभ्यासिकेत पिनकने फेन आणि मॅगॉ दोघांनाही बोलावलं.

"वर्षापूर्वीची शाई बोटाला लागत नाही. म्हणजे बाईंचं चित्र याच आठवड्यात छापलं, आणि दगड शाबूत आहे. काय, मॅगॉ?"

मॅगॉने टोपी पिळली. "बाई रडत आल्या, साहेब. एक प्रत काढली. इतक्यात संपादक आले. घाईत ती ओलीच पालथी टाकली."

"प्रोफेसरांच्या प्रतीवर. शाई उलटी उमटली, म्हणून डावी काच उजवीकडे गेली. भूत संपलं."

हॅवरिल यांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. "देवाची कृपा."

"पण काच उलटी झाली तरी दिवा तोच राहिला," पिनक म्हणाला. "फेन, ट्रेलच्या हातात तो तुम्ही का दिलात?"

"मी कशाला देऊ? तो हातात पेटवून स्वतःशीच हसत होता. मला म्हणाला, गॅसवाले, बघा, यातून खाणीत भडका उडायचा नाही."

हॅवरिल यांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला. डॉब्सला त्यांच्या खांद्यामागे बघायचा धीर होईना.

"पिनक," हॅवरिल अगदी हळू म्हणाले, "ते भूतच होतं, असं नाही का ठरवता येणार?"

"तुमच्या दृष्टीने ते बरं झालं असतं," पिनकने हॅट उचलली. "भूत शनिवारच्या सभेत साक्ष द्यायला आलं नसतं. फेन येणार आहे."