बेल वाजली तिथपासून

डॉक्टरीण म्हणजे काही खरी डॉक्टरीण नव्हती हं. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. बिघडलेलं मशीन पुढ्यात आलं की नाडी बघितल्यासारखी मान तिरकी करून पंख्याची घरघर ऐकायची, म्हणून दुकानातल्या स्क्रूने तिचं हे नाव पाडलं. आणि स्क्रू कोण? शेजारच्या टेबलावरचा कारागीर. लंबूटांग, काटकुळा, दातांत कायम एक स्क्रू धरलेला. त्याच्याशी बोलायचं तर आधी तो स्क्रू तोंडाबाहेर यायची वाट बघायची!

गिऱ्हाइकांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. "पोरांनी जुन्या व्हिडिओ गेमचं ते एम्युलेटर टाकलंय, कॉम्प्युटरला धोका नाही ना?"

हिचं उत्तर तोंडपाठ. "अहो, एम्युलेटर म्हणजे नकल्या. तुमचा कॉम्प्युटर जुन्या गेमच्या मशीनची नक्कल करतो. इतकी हुबेहूब, की बिचाऱ्या गेमला कळतच नाही आपण खऱ्या मशीनमध्ये नाही ते. नकल्या गरीब असतो हो. तो उचलून कुठून आणलाय ते बघा. भलत्या साइटवरून आणलात तर एकटा येत नाही, सगळं गणगोत घेऊन येतो."

धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर नकल्या तिनेच टाकून दिलेला. मूळ ठिकाणाहून घेतलेला, चारदा तपासलेला. गेमसुद्धा चोरीचा नाही, घरातल्याच जुन्या कॅसेटमधून काढलेला. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

आता या नकल्याची एक सोय असते, जुन्या मशीनमध्ये नसायची. गेममधला गडी उडी मारून हवेत असू दे, एक बटण दाबलं की तो क्षण जसाच्या तसा सेव्ह. दुसरं बटण दाबलं की पुन्हा तिथेच, हवेत. भावाच्या बोटांना त्याची सवयच लागली होती. दूध उतू गेलं, फोन वाजला, दारावरची बेल वाजली, काहीही होवो, आधी बटण, मग जग. आई म्हणायची, "याच्या अंगावर घर पडलं तरी आधी सेव्ह करेल, मग ओरडेल."

बाबा गेले त्या सकाळीही त्याने तेच केलं. बेल वाजली, त्याने बटण दाबलं, दार उघडलं. दारात बाबांच्या ऑफिसातले दोघं उभे. बाबा ऑफिसच्या जिन्यात कोसळले होते. दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढे बरेच दिवस भावाने लॅपटॉपला हात लावला नाही. जेवेना, बोलेना. एकदा हातातला ग्लास फुटून अंगठा असा फाटला की टाके पडले, तरी हूं की चूं नाही. मग एका सुट्टीच्या दुपारी तो आपणहून खेळायला बसला, तेव्हा डॉक्टरिणीला हायसंच वाटलं. ती मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला गेमची जुनी टुणटुण ऐकू आली, आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"थांब ताई, बेल वाजली."

"कुठे? नाही वाजली."

"वाजली गं. बाबा असतील. किल्ली विसरले असतील पुन्हा."

तो गेला, दार उघडलं. जिना रिकामा. गार वारा आत आला, कॅलेंडरची पानं फडफडली. तो हसतच परत आला. "कुणी नाही. पोरं असतील, बेल वाजवून पळणारी."

हिच्या हातातली घडी हातातच. आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली. आधी वाटलं चेष्टा करतोय, मग वाटलं डोक्यावर परिणाम झाला. शेवटी आईने त्याला सांगितलं. आणि अरे, तो पहिल्या दिवशीसारखाच रडला! तसाच भिंतीला टेकून, तसाच खाली घसरत, तोच आवाज. त्याला आधीचं काही ठाऊकच नव्हतं.

दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, मेंदू असं करतो. डॉक्टरिणीला ते पटलंही. पण घरी येताना रिक्षात आईने त्याचा अंगठा हातात घेतला आणि उलटसुलट करून बघत राहिली. टाके नव्हते. वण नव्हता. विसरायला माणूस विसरेल, पण अंगठा कसा विसरेल?

त्यानंतर तर रहाटगाडगंच. सांगितलं की तो कोलमडायचा, आणि कोलमडला की डोकं दुसरीकडे गुंतवायला त्याला एकच जागा माहीत. लॅपटॉप उघडायचा, जुना गेम जिथे थांबवला तिथून सुरू करायचा, आणि खुर्ची सरकायची. "थांब, बेल वाजली." दाढी केलेली असायची, तिथे त्या सकाळचे खुंट. आणि चेहरा इतका मोकळा, की बघणाऱ्याने मान फिरवावी. एकदा आईच म्हणाली, "या वेळी नको सांगूस. बाहेरगावी गेलेत म्हण." मग तो संध्याकाळपर्यंत दाराशी बसून बाबांचा नंबर लावत राहिला. शेवटी आईलाच राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरिणीने लॅपटॉप काखोटीला मारला. भाऊ दारात आडवा. डोळे सुजलेले.

"दे ना ताई. दहा मिनिटं. डोकं फुटतंय माझं."

"दे त्याला," आई आतून म्हणाली. "मला बघवत नाही."

"दुपारपर्यंत वेळ दे गं मला. याचा निकाल लावूनच जेवायला येते."

दुकानात तिने सगळं केलं. इंटरनेट तोडून तपासलं, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून तपासलं, नकल्याची फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिली. काही नाही. गणगोत सोडा, एक माशीसुद्धा नाही.

स्क्रूने तोंडातला स्क्रू काढला. "ठणठणीत आहे लॅपटॉप. काही धोका नाही कॉम्प्युटरला."

"कॉम्प्युटरचं कोण विचारतंय?"

तिने त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मग ती सेव्ह केलेली फाइल उडवून टाक की. संपला विषय."

"आणि तो त्या फाइलमधूनच आलेला असेल तर? उडवली तर त्याचं काय होईल?"

स्क्रूने हातातला स्क्रू टेबलावर ठेवून दिला. बाहेर कुणीतरी शटर ओढत होतं.

आता बघा, दुरुस्तीवाल्यांचा एक धर्म असतो. बिघाड आधी स्वतः घडवून बघायचा. घडला तर कळतो, कळला तर सुटतो. एरवी चांगली शिस्त आहे ती. डॉक्टरिणीने नकल्या आणि गेम आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर घेतला. ठरवलं, आपला एक क्षण सेव्ह करू, मग त्यावर परत येऊन बघू, मग ती फाइल उडवू आणि आपल्याला काय होतं ते बघू. भावावर प्रयोग नको, आपल्यावर करू.

"वेडी आहेस का गं?" स्क्रू म्हणाला.

"तू आहेस ना बघायला."

तो मान हलवत उठला. "चहा घेणार?"

तिने बटण दाबलं. सेव्ह झालं.

"घेते ना, साखर कमी," म्हणत ती वळली.

चहा तिच्या पुढ्यात होताच.

वाफ येत होती. घोट घेतला, साखर कमी होती.

तिला हसू आलं. "एवढ्यात?"

स्क्रू समोर स्टुलावर बसला होता. दातांत स्क्रू नव्हता. पुढचे दोन दातही नव्हते. भुवया पांढऱ्या.

दुकानाच्या भिंती निळ्या झाल्या होत्या. मालकांच्या खुर्चीत एक अनोळखी बाई बसल्या होत्या. त्यांनी हिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. "आई जेवायची थांबलीये."

"चहा घे आधी."

"भाऊ?"

"बरा आहे तुझा भाऊ," स्क्रू म्हणाला. आवाजात काही चढ नाही, उतार नाही, रोजचं काम उरकावं तसा. "लॅपटॉप नव्हता ना हाताशी. रडला, आजारी पडला, उठला. मुलं मोठी झाली त्याची. आधी तोच यायचा तुला सांगायला. हल्ली येत नाही. म्हणतो, ताईचा चेहरा बघवत नाही."

"आणि आई?"

त्याने चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"आई?"

"तुझीच वाट बघत होती गं. शेवटपर्यंत."

तिने टेबलाची कड धरली.

"फाइल उडव," ती कशीबशी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता उडव ती."

"दर वेळी म्हणतेस. उडवली तर तुझं काय होईल, ते कुणाला ठाऊक आहे?" तो उठला, तिचा कप घेतला, नळाखाली धरून विसळायला लागला. पाठमोराच म्हणाला, "घरी जायचं असेल तर चल. मी सोडतो. या वेळी तरी चल."

ती ऐकत नव्हती. आई जेवायची थांबलीये, एवढंच डोक्यात. बोटं कीबोर्डवर गेली.

सगळ्या बटणांवरची अक्षरं ठळक होती. परत नेणाऱ्या त्या एकाच बटणावरचं पार पुसून गेलं होतं, आणि मधोमध पडलेल्या खळग्यात तिचं बोट बरोब्बर बसलं.