पाळण्याला न कळलेलं वाक्य

मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असं आपण म्हणतो. फिनलंडमधल्या औलू शहराच्या त्या प्रसूतिगृहात मात्र रडणं आधी पाळणा ऐकायचा, मग आई. भूक असेल तर पाळण्याचा दिवा लाल, झोप हवी असेल तर हिरवा. मृण्मयी कानडेचं बाळ घसा फोडून रडत होतं आणि दिवा हिरवागार होता.

"त्याला भूकच लागलीय हो," मृण्मयी रडवेली झाली. "या पाळण्याचं ऐकून मी पाजायचं टाळलं, तर आता दूधही आटत चाललंय."

तिच्या गळ्यातल्या दुभाष्या यंत्राने ते फिनिशमध्ये सांगितलं. वजन आणखी घटलं तर बाळाला बाटली लावावी लागेल, असं डॉ. हिल्क्कांनी सकाळीच बजावलं होतं. आता त्यांनी पडद्यावर पुण्याच्या ध्वनिशास्त्रज्ञ वैजयंती दामल्यांना गाठलं. पाळण्यातला मराठी रुदनवाचक त्यांनी घडवला होता.

"यंत्र बिघडलंय का?" हिल्क्कांनी विचारलं.

"शेवटच्या महिन्यांत गर्भ आईचं बोलणं ऐकतो," वैजयंतीताई म्हणाल्या, "आणि जन्मल्यावर त्याच भाषेच्या चालीवर रडतो. रुदनवाचक ती चाल धरून अर्थ लावतो. आई मराठी, म्हणून तुम्ही मराठी चाल लावलीत ना?"

"अर्थात."

वैजयंतीताई मृण्मयीकडे वळल्या. "मृण्मयी, पोटुशी असताना तू मराठीत कुणाशी बोलायचीस गं?"

"कुणाशीच नाही. आईचा फोनही घेत नव्हते, आवाज ऐकला की रडू यायचं. बाळ इथे मागे पडू नये म्हणून घरात फिनिशच बोलायचं, असं ठरवलं होतं. हे कामावर गेले की मी दिवसभर मोठ्याने धडे घोकायचे."

हिल्क्कांनी घाईघाईने फिनिश चाल लावली. दिवा लाल झाला.

मृण्मयीने बाळाला अंगावर घेतलं. पान्हा फुटेना आणि बाळ तोंड फिरवून रडत राहिलं.

"त्याच्या ओळखीचं काहीतरी बोल," वैजयंतीताई म्हणाल्या.

तिला अंगाई आठवली, पण ती त्याने कधी ऐकलीच नव्हती. शेवटी सगळ्यात जास्त घोकलेलं तेच तोंडातून निघालं. "ओलेन युक्सिन. तार्वित्सेन आपुआ."

बाळ गप्प झालं आणि चोखू लागलं. हिल्क्का मात्र जागीच खिळल्या. सकाळपासून ते बाळ नेमक्या याच चढउतारांत रडत होतं.

"हे तुम्ही कुणाला म्हणायचात?"

"कुणालाच नाही. धड्यात होतं. दारात जाऊन शेजारणीला म्हणायचा धीरच झाला नाही."

"अर्थ काय त्याचा?" पडद्यावरून वैजयंतीताईंनी विचारलं.

"मी एकटी आहे. मला मदत हवी आहे," हिल्क्का म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली, मृण्मयीच्या पाठीला उशी दिली आणि पान्हा फुटेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या.