कडी नसलेला स्टुडिओ

नवे स्पॉटलाइट आले त्या दिवशी पितांबर बाजारातून कुलूप घेऊन आला. पितळी, चांगलं मुठीएवढं. या दिव्यांसाठी आम्ही वर्षभर भांडलो होतो. आमच्या चित्रकला कॉलेजच्या प्राचार्यांच्या दारात बसलो, घोषणा दिल्या, बोलणी खाल्ली. रात्री काम करायला स्टुडिओ आणि पुरेसं सामान, एवढंच तर मागणं होतं. ते अखेर मिळालं, तर स्टुडिओच्या दाराला कडीच नव्हती. फळीत नुसती स्क्रूची भोकं.

"नाना, याची कडी कुठे गेली हो?" पितांबरने विचारलं.

लीलाधर नाना आमचे जुने शिक्षक. आवारातच मागच्या खोलीत राहायचे. ते कुलपाकडे बघत राहिले.

"हे परत देऊन ये."

"आणि दिवे चोरीला गेले तर? तुम्ही भरून देणार?"

"फार बोलतोस तू. बस खाली. सगळेच बसा."

एक्याण्णव साल, संक्रांतीची आदली रात्र. जळगावात अशी थंडी पडली होती की बोटांत कोळसा धरवत नव्हता. आम्ही ड्रॉइंग बोर्ड बाजूला ठेवले आणि नानांभोवती बसलो.

"अभिमन नावाचा माझा विद्यार्थी होता," नाना म्हणाले. "हात चांगला, आणि तोंड या पितांबरसारखं. शहाऐंशी साली शेवटच्या वर्षाला होता. संक्रांतीच्या आदल्या रात्री त्याने हिलाल आबांना मॉडेल म्हणून बसवलं. इथेच, या स्टँडवर.

"आबा मूळचे पारोळ्याकडचे. दिवसा डाळ मिलमध्ये हमाली, संध्याकाळी आपल्याकडे बसायचे. उघडं अंग, कमरेला पंचा. एकदा बसले की दगड. पोरं म्हणायची, 'आबा, श्वास तरी घ्या!' मॉडेल विसाव्याला उठण्याआधी तुम्ही काय करता? पायांभोवती खडू फिरवता. म्हणजे परत बसताना पाय त्याच रेघेत येतात. आबांच्या पायांभोवतीही रेघ असायची, पण ते आपणहून कधी उठायचे नाहीत. विचारायचे, 'ऊठू का भाऊ?' चित्र काढणारा 'उठा' म्हणाला, की मगच.

"त्या रात्री चित्र अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. आबा म्हणाले, 'थंडी वाजी राहिनी भाऊ. ऊठू का?' अभिमन म्हणाला, 'हलू नका आबा. येईल लाइट. आलोच मी.'

"बाहेर मित्र उभे. जवळच आसोद्याच्या मळ्यात भरिताचा बेत होता. 'चल रे, लाइट येईपर्यंत चार घास खाऊन येऊ.' दिवे त्याच्या सहीवर दिलेले. हरवले तर विद्यार्थ्याने भरून द्यायचे, असा कॉलेजचा नियम. म्हणून त्याने बाहेरून कुलूप लावलं. दिव्यांसाठी. आत माणूस बसलेला होता."

पितांबरने हातातलं कुलूप हळूच फरशीवर ठेवलं.

"मळ्यात शेकोटी होती. भरीत झालं, कळण्याची भाकरी झाली, गाणी झाली. अभिमन तिथेच झोपला.

"सकाळी माझ्याकडच्या किल्लीने मी दार उघडलं. आबा स्टँडवर. त्याच बैठकीत. पाय रेघेत. घोंगडी हाताशी, ईझलवर टांगलेली. अंगावर घेतली नव्हती. मी 'उठा, उठा' म्हणत होतो, त्यांना ऐकूच येत नव्हतं. उचलून उतरवलं, तरी गुडघे तसेच वाकलेले. दोन दिवसांनी दवाखान्यात वारले.

"अभिमनला कोणी काही बोललं नाही. आबांचा मुलगा आला, हात जोडून म्हणाला, 'बाप थंडीवरी गया, भाऊ.' त्या पोराने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर अभिमन वाचला असता. परीक्षा पास होऊन तो इथेच शिकवायला लागला. पण रात्री या बाजूला फिरकायचा नाही.

"पुढच्या संक्रांतीची आदली रात्र. दहाचा सुमार. सकाळच्या प्रदर्शनाला दिवे न्यायचे होते. शिपाई सुट्टीवर. अभिमन म्हणाला, 'मी आणतो, नाना. मला तिथे जाऊन एकदा 'उठा' म्हणायचंय.'

"मी किल्ली दिली.

"त्याने कुलूप उघडलं. बटण दाबलं. स्टँड रिकामा. वर्षभरात धुतलेला, पुसलेला. एक दिवा काढून ठेवला. दुसरा काढायला वाकला...

"लाइट गेली.

"थंडी. अंधार. मागून... 'ऊठू का भाऊ?'

"वर्षभर घोकलेला एक शब्द. घशातून निघेना.

"पुन्हा. 'ऊठू का?'

"तो पळाला. दार ओढलं. आणि कुलूप लावलं... सवयीने. हाताने आपोआप लावलं."

बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला.

"मग भानावर आला. फटीला तोंड लावून म्हणाला, 'उठा आबा... झालं चित्र. उठा.'

"आत स्टँडची फळी करकरली.

"पावलं. अनवाणी. दाराकडे.

"दारापाशी थांबली...

"किल्ली त्याच्या मुठीत होती."

"मग?" पितांबरने विचारलं.

"उघडलं नाही त्याने."

कोपऱ्यातल्या माती भिजवायच्या पिंपात पाणी ठिबकत होतं.

"पहाटे माझ्या ओट्यावर बसलेला दिसला. मूठ उघडत नव्हती. एकेक बोट सोडवून मी किल्ली काढली, तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं. दोघं इथे आलो. दार उघडलं. दिवे जागेवर. स्टँडवर काही नाही. अभिमन खाली बघत होता. मग वळला आणि कडी उपटली. नुसत्या हातांनी, रक्त येईपर्यंत. ती भोकं तेव्हाची. त्यानंतर तो कॉलेजात आला नाही."

"खाली काय होतं, नाना?"

नाना उठले. दारापाशी गेले. उंबऱ्याच्या आत, फरशीवर बोट टेकवलं.

"खडूची रेघ. दोन पावलांभोवती, न तुटता फिरवलेली. आपण मॉडेलच्या पायांभोवती काढतो, तशीच. टाचा आत... बोटं दाराला टेकलेली."