पस्तीस आणि छत्तीस

"अहो छत्तीस, तुमची खुंटी माझ्या तंबूत घुसलीय!"

आमची ओळख झाली ती अशी. सिनसिनाटीतला नोव्हेंबर, भुरभुर पाऊस... आणि मुलांना जर्मन शिकवणाऱ्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तिच्या हिरवळीवर आठवडाभर तंबू ठोकून बसलेले आम्ही आईबाप. जागा पस्तीस. पस्तिसावा एमेट. चार मिनिटं उशिरा पोचलेली छत्तिसावी मी, नेल. पुढचं कुणीतरी गळलं तरच मी एकटीने वाढवलेली माझी लेक जूनी आत.

मला मेलीला चौकशा फार. दोन दिवसांत सगळं काढून घेतलं. बायको तीन वर्षांपूर्वी वारली, मुलगा ओटिस, काम पियानो सुरात लावायचं. घरी वाट बघणारं आणखी कुणी आहे का, तेवढं मात्र विचारवेना.

"ही रांग म्हणजे मूर्खपणा," तो म्हणायचा. "चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याला रजाच मिळत नाही, त्या बापाने काय करायचं?"

"आणि पोरांचं सगळं नशिबावर सोडायचं? वा! बसेल त्याला मिळेल. नियम म्हणजे नियम."

"मग लवकर यायचं होतंत..."

"चार मिनिटं हो! मिरवताय किती!"

तो हसला की मी उगाचच खुंट्या तपासत बसायची.

पाचव्या दिवशी मला ताप भरला. एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "खिम्याची गरम चिली आणतो, हलू नकोस," म्हणून तो कोपऱ्यावरच्या खानावळीत गेला... आणि शिट्टी वाजली. हजेरी! नंबर पुकारला की ओ द्यायची, नाहीतर नाव कट.

"पस्तीस!" रांग सांभाळणाऱ्या कॅप्टनबाई ओरडल्या.

नुसती गप्प बसले असते तर जूनी आत होती. नुसती गप्प... पण जमेचना.

"आहे! आत कपडे बदलतोय!"

"तुला गं काय ठाऊक?"

अख्खी हिरवळ फिदीफिदी हसली. तापाने होते त्याहून जास्त मी लाल झाले.

तो परतला तेव्हा लोकांनी त्याला सगळं रंगवून सांगितलं. त्याने चिलीचा डबा खाली ठेवला, मग लोकरी टोपी काढून तिच्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या.

"एक ओटिस, एक जूनी. निघेल त्याची जागा. काढ."

"वेडा आहेस का?"

"काढ गं!"

निघाली... जूनी! पण स्वभाव जातो कुठे? मी दुसरीही उघडली. तिच्यातही जूनीच.

"लबाडा! चिठ्ठ्यांत फसवणूक?"

"तू हजेरीत केलीस..." तो टोपी चुरगाळत राहिला. "मला तू आवडतेस, नेल. ते काही मी चिठ्ठी टाकून ठरवलं नाही."

सोमवारी मी त्याला ढकलतच शाळेच्या प्रवेशखिडकीशी नेलं आणि ओटिसचं नाव लिहायला लावलं. घरी येऊन रडले, खोटं कशाला बोलू? जूनी गल्लीतल्या शाळेत जाते. संध्याकाळी आमच्या — आता एकाच — टेबलावर ओटिस तिला जर्मन आकडे शिकवतो. परवा ती पस्तिसाशी अडली.

"पुढे काय?"

"छत्तीस," एमेट मला पाव वाढत म्हणाला. "नेहमी पस्तिसाच्या शेजारीच असते."