पहिला खुबा नदीचा

"पाय उचला आधी!"

भागोजी दचकला. नव्या सडकेसाठी दोरी ताणत तो नदीत गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि लुगडं वर खोचून, कमरेला टोपली लावलेली एक मुलगी समोरून त्याच्यावर डोळे वटारत होती.

"का गो? नदी काय तुज्या नावावर हाय?"

"नदी न्हाय… पन तुमच्या टाचंखाली माजी आमटी हाय."

त्यानं निमूटपणे पाय उचलला. तिनं पायाच्या बोटांनीच वाळू चाचपली, वाकली आणि एक टपोरा खुबा वर काढला. शिंपलं घट्ट मिटलेलं, काळंभोर. भागोजी बघतच राहिला, कारण तिनं तो खुबा टोपलीत न टाकता लगेच पाण्यात भिरकावला.

"अगो, टाकलास कशाला?"

"पयला खुबा नदीचा. तो परत द्यायचा, मग बाकीचे आपले."

"आनि पयलाच आवडला तर?"

"आवडला तरी!" ती फणकाऱ्यानं म्हणाली खरी, पण वळताना तिला हसू आवरलं नाही.

तिचं नाव राही. बाप गलबतावर गेला तो परतलाच नव्हता. माणसं पायी नदी ओलांडत त्या उताराच्या खाली ती संथ व्हायची, तिथल्या वाळूत वाडीतल्या बायकांचे वाटे होते. आईचा वाटा लेकीला मिळायचा. राही आणि तिची आई सोनूबाई त्या वाट्यावरच जगत होत्या. ओहोटी लागली की खुबे वेचायचे आणि पूर्णगडच्या वाटेवर विकायचे. भागोजी लांज्याकडचा. डोंगर फोडून मोटारीची सडक खाडीपर्यंत आणायची होती, त्या कामावर तो मुकादम होता. पण गणपती झाल्यापासून मुकादमाला ओहोटीच्या वेळा तोंडपाठ झाल्या, आणि हे गड्यांच्याही लक्षात आलं.

सोनूबाईनं त्याला एकदा अंगणात बसवून स्पष्टच सांगितलं, "पोरगी वाटा सोडून जायाची न्हाय. माजं म्हातारपन हाय त्या वाळूत. हितं ऱ्हाशील तर दिली."

"ऱ्हाईन," भागोजी म्हणाला. राही दाराआड उभी होती. तिला तो एवढासा शब्द दिवसभर पुरला.

तुळशीचं लग्न लागलं की यांचं, असं ठरलं. भागोजीनं तिच्यासाठी हिरवं लुगडं आणलं. मग हस्ताचा पाऊस लागला. फोडलेल्या डोंगराची तांबडी माती पऱ्यातून, त्या पावसाळी ओहोळातून, उतारावर येऊ लागली. तिथं नदीला ओढ होती, माती सरळ खाडीकडे वाहून जायची. पण उतार ओलांडताना राहीच्या लुगड्याचा काठ रोज तांबडा व्हायचा.

"तुमच्या सडकेनं माजं लुगडं नासवलं," ती गाल फुगवून म्हणाली.

"मग काय करू?"

"वळवा की तो पऱ्या… खाली सोडा कुठंतरी!"

त्यानं गड्यांना हाक मारली नाही. भर पावसात स्वतः कुदळ घेतली आणि चर खणून पऱ्या खालच्या अंगाला वळवला. दुसऱ्या दिवशी उताराचं पाणी इतकं नितळ होतं की राहीला आपली जोडवी घालायची बोटं दिसली… आणि ती एकटीच लाजली. शेजारच्या हौसाला तिनं मिरवत सांगितलंही, "माज्यासाठी खनलान हो चर!"

पाणी खाली कुठं जातं, हे दोघांनीही पाहिलं नाही. त्या दिवसांत त्यांना एकमेकांपलीकडे काही दिसतच नव्हतं.

पाऊस उघडला. बायका ओहोटीला वाट्यांवर उतरल्या, तर पायाला वाळू लागेना. संथ पाण्यात मऊ, बुळबुळीत लाल गाळ बसला होता. हौसानं हात घालून खुबे काढले. सगळ्यांची तोंडं उघडी, आत चिखल. दगडांखालच्या कुर्ल्या नाहीत, कोळंबीचं पिल्लू नाही. काठाला घाण वास सुटला होता.

हौसा राहीकडे वळली. "तुज्या लुगड्यापायी आमचे वाटे गेले गो."

राहीला तोंड वर करवेना.

भागोजीनं चर बुजवला. टोपल्यांनी गाळ उपसला. पण फावडं लागलं की पाणी ढवळायचं आणि गाळ पुन्हा तिथंच बसायचा. दिवाळी आली. सोनूबाई नुसती दारात बसून नदीकडे बघत राहिली.

"माज्या गावाला चल," वाट्यावरच्या गाळात उभा राहून तो राहीला म्हणाला. "आयला पन घेऊ. भाताची जमीन हाय…"

तिला जावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण रागही येत नव्हता.

"आनि हौसा? बाकीच्या? त्यांना कुनाच्या गावाला नेनार?"

"चूक माजी हाय, राही."

"पऱ्या वळवायला सांगितलं मी. तुमी माज्यावरच्या मायेनं खनलात… तेच गिळवत न्हाय मला. तुमच्या घरात सुखाचा घास खाल्ला तर तो त्यांच्या पानातला असंल. मी हौसाबरोबर मासळीच्या पाट्या वाहीन. नदी साफ होवो न होवो, हितंच ऱ्हाईन."

वाकून त्यानं गाळात हात घातला, कोपरापर्यंत. बऱ्याच वेळानं हात बाहेर आला, तेव्हा तळव्यावर एकच खुबा होता. मिटलेला. जिवंत.

राहीनं तो घेतला, पदरानं पुसला, क्षणभर गालाला लावला. मग उताराच्या वर, जिथं पाणी अजून नितळ होतं, तिथवर चालत गेली आणि तो सोडून दिला.

"राही… आनि मी?"

ती पाठमोरीच उभी होती. खांदे हलत होते.

"आवडला तरी," ती म्हणाली.