उघडा माड

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक दरी नजरेसमोर आणा. चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर. हिवाळ्यात नदी गोठते आणि तिचा आवाजसुद्धा बंद होतो, इतकी थंडी. त्या दरीच्या तळाशी, पांढऱ्या जमिनीतून वर आलेले माड. होय, आपल्या नारळाचेच माड, ओळीने तीनशे दहा. प्रत्येकाभोवती राखाडी कापड गुंडाळलेलं आणि वर हिरव्या झावळ्यांवर बर्फाचे पुंजके.

दिसले? मग आता आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आंब्याला शेकडो फांद्या असतात. एक मोडली तर दुसरी फुटते. माडाला फांदी नसते. त्याला वाढायला जागा एकच: शेंड्याच्या आत दडलेला पांढरा कोंब. तो कोंब मेला की माड मेला. मात्र कोंब मेल्याचं झावळ्यांना लगेच कळत नाही. त्या पुढे चार-सहा महिने हिरव्याच राहतात.

वस्तीचं नाव होतं नवी खाजणवाडी. जुनी खाजणवाडी कोकणात होती, ती समुद्राने घेतली. गहू-भाताचं बी सुकवून, गोठवून वर्षानुवर्षं जपता येतं. नारळाला ते सोसत नाही. नारळ जपायचा तर जिवंत झाडावरच जपावा लागतो. किनाऱ्यावरच्या वाड्यांत खारं पाणी शिरलं, मैदानात उन्हाळा माणसालाही सोसवेना, तेव्हा माड वर डोंगरात न्यायचं ठरलं. वर गोडं पाणी होतं, मोकळी जमीन होती. अडचण फक्त थंडीची होती. कुमाऊँच्या डोंगरात बर्फ सोसणारा, पंख्यासारख्या पानांचा एक ताड आहे. त्याचा गुण शास्त्रज्ञांनी माडात उतरवला आणि हिममाड तयार केला. माडांबरोबर माड सांभाळणारी साठ घरंही वर आली.

आले त्या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावाने एक माड लावला, उरलेले घरोघरी वाटून दिले. खाजणवाडीची ती जुनी रीतच होती. कस्तुरी तोरसकर तेव्हा सात वर्षांची होती आणि तिचा भाऊ निनाद पाळण्यात होता. दोघांचे माड शेजारी शेजारी लागले. तिसऱ्या हिवाळ्यात निनादच्या छातीत थंडी भरली आणि चार दिवसांत तो गेला. गेलेल्या मुलाच्या माडाला कुणी हात लावायचा नाही, ही त्याच रीतीची दुसरी बाजू. त्याला पाणी घालायचं नाही, कापड गुंडाळायचं नाही. तो त्याचा तो. त्यामुळे दोन वर्षं निनादचा माड उघडाच उभा होता, आणि या वसंतात त्याच्या सगळ्या झावळ्या करपून तांबूस झाल्या होत्या.

तो माड तोडायचा म्हणूनच त्या सकाळी तोरसकरांना प्रयोगशाळेत बोलावलं होतं. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची लांबट खोली. टेबलाच्या एका बाजूला गवाणकरबाई. त्या वनस्पतिशास्त्रज्ञ, पाच वर्षं वस्तीतच राहिलेल्या. समोर योजनेचे तपासनीस कुलथे, आदल्या दिवशी मैदानातून आलेले, पायांत लोकरी मोज्यांचे तीन जोड. दाराशी वाडीचे म्हातारे मुकादम दाजी पेडणेकर. कस्तुरी आईला चिकटून बाकावर बसली होती. आता ती बारा वर्षांची होती, पण निनाद गेल्यापासून आई तिला चैत्रातही दोन स्वेटरांखेरीज उंबरठा ओलांडू देत नसे.

कुलथ्यांनी काम सांगितलं. त्यांच्याकडे हरितमापक नावाचं यंत्र होतं. ते उंचावरून फिरवलं की पानांतला हिरवेपणा मोजत असे. दहांपैकी नऊ माड हिरवे भरले तर वस्ती स्वयंपूर्ण ठरणार होती. मग दिवाळीनंतर खिंड बंद झाली की धान्याच्या गाड्या यायच्या नाहीत, वस्तीने खोबरं, तेल आणि सरपण माडांवरच काढायचं. नऊ भरले नाहीत तर वस्ती मोडायची आणि साठ घरं सात गावांत वाटून द्यायची. आकडा उत्तम येत होता. तो एक करपलेला माड तेवढा डोळ्यांत खुपत होता, रोगट असला तर शेजाऱ्यांनाही बाधेल, म्हणून आजच काढून टाकावा, असं ते म्हणाले.

आईने मान हलवून होकार दिला. ती खिडकीकडे बघत नव्हती.

गवाणकरबाई म्हणाल्या, तोडायला हरकत नाही, पण त्याआधी सगळ्याच माडांची सुरळी ओढून पाहायला हवी. सुरळी म्हणजे शेंड्याच्या मधोमध उभी असलेली, अजून न उलगडलेली झावळ. तिचं मूळ थेट कोंबात असतं. कोंब जिवंत असेल तर ती कितीही ओढली तरी हलत नाही. कोंब कुजला असेल तर म्यानातून सुरी निघावी तशी अलगद हातात येते.

"झावळ्या हिरव्यागार आहेत, बाई," कुलथे म्हणाले. "मग हा खटाटोप कशाला?"

"मेथीची जुडी कापल्यावर दोन दिवस हिरवी राहते, साहेब. म्हणून ती जिवंत असते का?"

कुलथे हसले. "माझ्या यंत्राला तेवढं कळत नाही. ते हिरवं म्हणालं की हिरवं."

बाई आता त्यांना, आणि खरं तर बाकावरच्या कस्तुरीलाही, समजावून सांगू लागल्या. हिममाडाच्या अंगात थंडीशी लढणारं प्रथिन असतं, पण ते आपोआप तयार होत नाही. शरदात थंडी हळूहळू वाढत जाते. ती उघड्या अंगाने सोसली की माडाला इशारा मिळतो आणि कोंबात प्रथिन साठू लागतं. याला त्या शीतसराव म्हणत. सहा आठवड्यांचा शीतसराव झाला की पाणी गोठवणारी थंडीही कोंबाला मारत नाही. मग भर हिवाळ्यात विजेवर तापणारं उबकापड गुंडाळायचं ते फक्त झावळ्या करपू नयेत म्हणून. सराव नसेल तर उबकापडातली वीज हाच माडाचा जीव. आणि सराव कमवायला सहा आठवडे लागतात, गमवायला ऊब मिळालेले सहा दिवस पुरतात.

"माघातल्या वादळात वीज तीन दिवस बंद होती," बाई म्हणाल्या. "तरी मी घाबरले नाही. आश्विन-कार्तिकात सगळे माड उघडे होते. मी रोज फेरी मारून बघत होते."

कस्तुरीला आईचा हात आपल्या हातात घट्ट झालेला कळला. तिला आश्विनातल्या दुपारी आठवल्या. बाई सकाळची फेरी आटपून जेवायला गेल्या की आई कापड घेऊन निघायची. आजूबाजूच्या आळ्यांवरही बायका दिसायच्या, कुणी कुणाशी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आत कापड उतरवलेलं असायचं.

"आमचा माड उघडा नव्हता," कस्तुरी म्हणाली. "सकाळपुरता असायचा."

आईने हात सोडला. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दाजींकडे पाहिलं.

दाजींनी टोपी काढून हातात घेतली. "निनाद गेलो आणि बायका भियाली, बाई," ते म्हणाले. "पोराक गोधडी घालूची आणि पोराचो माड उघडो ठेवूचो, ह्या आमच्या हातसून होवचा नाय. मीच म्हटलंय, घाला कापडा."

"किती जणांनी?"

"सगळ्यांनी."

बाई खाली बसल्या. रागावल्या नाहीत. पाच वर्षांत त्यांनी माडांविषयी सगळं सांगितलं होतं, पण लोक माडाकडे काय म्हणून बघतात हे कधी विचारलं नव्हतं, एवढं त्या पुटपुटल्या.

दाजी मात्र आता पुढे आले. सुरळ्या ओढायच्या नाहीत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मुलाच्या माडाचा शेंडा ओढणं अपशकुनाचं, हे एक. दुसरं त्यांनी कुलथ्यांच्या तोंडावर सांगितलं. साहेब हिरवं मोजायला आले आहेत, हिरवं मोजून जाऊ देत. सात गावांत घरं विखुरली की खाजणवाडी संपली. तिला समुद्राने एकदा बुडवलंच आहे.

"आणि दिवाळीनंतर?" बाईंनी विचारलं. "पावसाळ्यात झावळ्या गळतील. मग खिंड बंद होईल. गाड्या येणार नाहीत, दाजी."

"तेवा बघू."

दोघांनीही कुलथ्यांकडे पाहिलं. कुलथे वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं की नियमात पानं मोजा असंच लिहिलं आहे, सुरळीचा उल्लेख नाही, आणि परवा सकाळी त्यांची गाडी आहे. एवढं बोलून ते खाली वाकून मोजे सारखे करू लागले.

मोठी माणसं अशी गप्प झाली की काय होतं ते कस्तुरीने निनादच्या वेळी पाहिलं होतं. तेव्हाही डॉक्टर आणायला खिंडीपलीकडे जायचं की नाही यावर सगळे दीड दिवस गप्प होते. ती उठली, बाकाशेजारचं लाकडी स्टूल उचललं आणि बाहेर पडली.

तिचा माड दुसऱ्या ओळीत होता. सगळ्या दरीत तोच सर्वांत हिरवा, असं आई म्हणायची. कस्तुरी स्टुलावर चढली. उबकापडाखाली आईची जुनी साडी होती, तिच्याखाली आणखी एक. ती सोडवून तिने शेंड्यात हात घातला. सुरळी बोटांना गार आणि गुळगुळीत लागली.

मागून आईची हाक आली. कस्तुरीने डोळे मिटून सुरळी ओढली.

जोर लावावाच लागला नाही. हातभर लांब सुरळी तिच्या हातात आली. खालचं टोक तपकिरी होतं, लिबलिबीत, आणि त्याला कुजलेल्या भाताचा वास येत होता. वर झावळ्या वाऱ्यावर हलत होत्या, हिरव्यागार.

आई धावत आली होती ती तिथेच थांबली. तिने सुरळी कस्तुरीच्या हातातून घेतली आणि पदराने तिचं टोक पुसू लागली.

यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. लोक आपापल्या मुलाच्या माडाकडे गेले. पहिल्यांदा कुणी हात घालायला धजेना, मग एकाने ओढली, मग शेजारच्याने. दुपार होईस्तोवर आळ्याआळ्यांतून सुरळ्या पडल्या होत्या आणि दरीभर तो वास पसरला होता. दाजींनी आपल्या नातीच्या माडाची सुरळी स्वतः काढली आणि तिथेच बसून राहिले. कुलथे वहीत काही लिहीत नव्हते. हरितमापक अजून डोक्यावर घिरट्या घालत होतं आणि त्याच्या पडद्यावर तीनशे नऊ माड हिरवे दिसत होते.

उरला तीनशे दहावा. कुऱ्हाड सकाळपासून त्याच्या बुंध्याला टेकून ठेवलेली होती. कस्तुरीने ती बाजूला केली आणि स्टूल ठेवलं. करपलेल्या झावळ्या तिच्या गालाला खरखरीत लागल्या. तिने सुरळी धरली आणि ओढली. सुरळी हलली नाही. तिने दोन्ही हातांनी ओढली. हलली नाही.

मग गवाणकरबाई आल्या. त्यांनी ओढून पाहिली, सुरळीच्या बुडाशी नख लावलं आणि सालपट किंचित सोललं. आत पांढरं होतं, ओलं.

"हा एकटाच थंडीत उभा होता," बाई म्हणाल्या. "दोन्ही वर्षं. याचा सराव पुरा झाला. झावळ्या जळल्या आणि कोंब वाचला."

कुलथ्यांनी वही उघडून एक ओळ लिहिली. वस्ती मोडणार हे सगळ्यांना कळलं. ज्येष्ठात गाड्या येऊन घरं नेणार होत्या. दरीत जिवंत माड एकच होता आणि त्याच्यापासून पुढे नारळ मिळायचा तर पुढचे तीन आठवडे तो सांभाळायला हवा होता, कारण पहाटेची गोठवणारी थंडी अजून संपली नव्हती.

आणि मग जे झालं, ते त्या लोकांना दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने करता आलंच नसतं. कुणीतरी ओरडलं की आज पुन्हा पारा उतरणार आहे. बायका-पुरुष आपापल्या मेल्या माडांकडे धावले आणि त्यांची कापडं सोडवू लागले. उबकापडं, साड्या, चादरी, कांबळी घेऊन सगळी वस्ती निनादच्या माडाकडे निघाली. बाई हात वर करून काही सांगत होत्या, पण त्या गलक्यात त्यांचं कोण ऐकतो. सर्वांत पुढे कस्तुरीची आई होती. दोन वर्षं तिने या माडाकडे पाहिलं नव्हतं. तिच्या हातात निनादची लहानशी गोधडी होती.

"बाजूला हो गो," ती म्हणाली. "गारठलाय तो."

कस्तुरीने आईकडे पाहिलं, मग शेंड्याकडे. ऊब मिळालेले सहा दिवस की सराव गेला, असं बाई म्हणाल्या होत्या. तिने आईच्या हातातून गोधडी काढून घेतली. आईने दिली, तिला वाटलं लेक वर चढून गुंडाळणार. कस्तुरीने गोधडीची नीट चौघडी केली, माडाच्या आळ्यात ठेवली आणि तिच्यावर बसली. पाठ बुंध्याला, तोंड येणाऱ्या माणसांकडे, आणि कुऱ्हाड मांडीवर आडवी.